पायी जाईल तो खाईल

आमच्या तालुक्याचं नाव केळापूर आणि तहसील कचेरी पांढरकवड्यात. सातबाऱ्यावर, दाखल्यावर, सगळीकडे तालुका केळापूर. पण दाखला काढायला केळापुरात उतरलात तर जगदंबेचं दर्शन होईल, तहसीलदाराचं नाही. मग नवखा माणूस फाईल डोक्यावर धरून उन्हातानात पांढरकवड्याच्या दिशेनं चालू लागतो. शासनानं नकळत राबवलेली ही तालुक्यातली पहिली फिटनेस योजना.

मी तिचा लाभार्थी नाही. मी एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागते, क्विंटलचे आकडे माझ्या हाताखालून जातात, आणि त्यातले काही माझ्याच अंगावर राहतात असा घरच्यांना संशय आहे. एका दुपारी काटा रिकामा दिसला म्हणून वर उभा राहिलो. आकडा पाहून हमाल गंभीर झाला. म्हणाला, "भाऊ, ओलावा किती धरू?" सरकारी कापूस खरेदी करणारी सीसीआय आठ टक्के ओलाव्याला पुरा भाव देते, बारापर्यंत कापून घेते आणि त्याच्यावर गेला की माल परत. हमालानं माझ्याभोवती एक चक्कर मारली. "तुमचा माल वापस जाते. वाळून या."

वाळण्याचे मार्ग महाराष्ट्रात दोन आहेत. 2018 च्या सुमारास मराठी घरं जात-पात, पक्ष-गट सारं विसरून दोन तंबूंत वाटली गेली होती. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, कडकडून भूक लागेल तेव्हा, आणि पंचावन्न मिनिटांत उरका. प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन वाढतं, म्हणून तोंड कमी वेळा उघडा. शिवाय पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, उपाशी राहू नका, थोडं थोडं पण थोड्या थोड्या वेळानं खा, तुपाला घाबरू नका, आपल्या मातीत पिकतं ते खा. आमच्या घरी बायको दिवेकरांकडून आणि मेव्हणा दीक्षितांकडून. मेव्हण्याच्या बाजूला विदर्भाचा अभिमानही होता, कारण दोन वेळच्या जेवणाची मूळ कल्पना आपल्या श्रीकांत जिचकारांची, हे दीक्षित स्वतःच सांगतात. ज्या माणसाच्या पदव्या मोजताना ऐकणाऱ्याला धाप लागते, त्याच्याशी वाद कोण घालणार?

माझी अडचण वेगळीच होती. कितीदा खायचं ते एकानं सांगितलं, काय खायचं ते दुसरीनं. पण समोरची वहिनी पातेलं घेऊन उभी असेल तेव्हा काय करायचं, ते कोणीच सांगत नाही. आमच्याकडे शरीर आपलं असलं तरी त्याचा सातबारा गावाच्या नावावर असतो. मार्गशीर्षात शेतात रोडगे लागतात, सोबत वांग्याची भाजी. तुरीला दाणा भरला की घरोघरी सोलेभात. कोणाकडे नुसता निरोप द्यायला गेलं तरी सांबारवडी पुढ्यात येते, आणि 'माझं पंचावन्न मिनिटांचं झालं' असं सांगितलं की घरातली म्हातारी घाबरून विचारते, "काऊन? डाक्टरनं काई सांगतलं का?" आजारी नसलेला माणूस नाही म्हणतो, म्हणजे तो रुसलेला. त्यापेक्षा खाल्लेलं बरं. "घ्या नं भाऊजी, एवढ्यानं काय होते?" या प्रश्नाचं उत्तर वैद्यकशास्त्राकडे आहे; पण ते वहिनीला तोंडावर सांगायची हिंमत वैद्यांकडेही नसते.

राहता राहिलं चालणं. त्यातही 2018 साल आम्हांला आडवं आलं. डॉक्टर म्हणत पहाटे फिरा, आणि वनविभाग म्हणे एकट्यानं बाहेर पडू नका. पांढरकवडा वनविभागात तेव्हा टी-1 वाघिणीची दहशत होती. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले होते, आणि गुराख्यांचं नि शेतमजुरांचं रानात जाणं बंद पडलं होतं. नोव्हेंबरात ती मारली गेली. त्या दिवसांत वजन कमी करायची चर्चा करताना आमचं आम्हांलाच कसंनुसं व्हायचं. चालणं ही काहींची हौस असते आणि काहींची भाकर.

ती भाकर कशी मिळते ते मला खिडकीतून दिसतं. वेचणीच्या बाया सकाळी भाकर-ठेचा बांधून निघतात. दोन्ही हात बोंडांवर चालतात, वाळल्या बोंडाची टोकं बोटांत रुततात, ओटी भरली की ओझं कमरेला ओढतं. संध्याकाळी गठोडं काट्यावर चढतं आणि मजुरी किलोवर मिळते. यांचंही जेवण दोनच वेळा, पण त्या योजनेला नाव नाही आणि तिच्यावर व्याख्यानही नाही. भूक लागण्यासाठी त्यांना वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत.

मला माझा गुरू मात्र टिपेश्वरच्या रानात सापडला. इथं जन्मलेला एक तरणा वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर, 2019 च्या पावसाळ्याच्या तोंडावर निघाला आणि शेतं, नाले, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सारी भटकंती धरली तर तीन हजार किलोमीटरच्या वर. लोकांनी त्याचं नाव 'वॉकर' ठेवलं. तो काही पावलं मोजायला चालला नव्हता. त्याला हद्द हवी होती, शिकार हवी होती, जमलं तर जोडीदारीणही. म्हणजे व्यायामासाठी व्यायाम वाघही करत नाही. मग मी तो का करावा?

यावरून माझं तत्त्वज्ञान तयार झालं. ज्या घरी पायी गेलो, तिथं आग्रह मोडायचा नाही. ज्या घरी मोटारसायकलनं गेलो, तिथं फक्त पाणी. नियम एवढाच. वहिनीचा मान राहतो, दीक्षितांचं चालणं होतं, दिवेकरांचं घरचं-मातीतलं पोटात जातं. ऋतूही आपोआप हिशेब ठेवतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेला की दुपारी पायी जायची कोणाची टाप नाही, म्हणून पाहुणचारही नाही. हिवाळ्यात चालवतं आणि पचतंही. नवरात्रात केळापूरच्या देवीला पायी गेलं तर येताना साबुदाण्याची उसळ हक्काची. उपवासाला साबुदाणा कसा चालतो, हा प्रश्न मी विचारत नाही. साबुदाणा माझ्या बाजूचा साक्षीदार आहे.

घरी हे सगळं समजावून सांगितलं. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अहो, मग घरी जेवायचं कसं? घरी तर तुम्ही बसलेलेच असता." तर्क बिनतोड होता. तेव्हापासून संध्याकाळी ताट वाढण्याआधी मला बाहेर काढलं जातं: दळण, किराणा, दूध, आणि काहीच नसेल तर दळण झालं का ते विचारायला पुन्हा गिरणी. परवा मेव्हण्याला ती फोनवर सांगत होती, "दीक्षित राहू दे न् दिवेकर राहू दे. यांचीच पद्धत चांगली हाय. घरचं एकही काम आता बाकी राहत नाही."