इटलीचा चढ

मे महिन्यात सायकलवर तंबू-पथारी बांधून एकटाच लवासाला निघालो. पिरंगुटपर्यंत ट्रकचा धूर, मग टेमघरचा घाट. बाटलीतलं पाणी चहाइतकं तापलं; गिअर संपले, चढ संपेना. ‘स्वतःला शोधायला’ निघालेला माणूस तिसऱ्या वळणावर फक्त सावली शोधतो.

वर पोहोचलो तर थेट इटली! पोर्तोफिनोच्या धर्तीवरच्या रंगीत इमारती, खाली वरसगाव धरणाचं पाणी. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयानं या नव्या शहराचं बांधकाम थांबवायला सांगितलं, २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीत गेलं. म्हणजे दम माझ्याआधी शहरालाच लागला होता.

टपरीवरच्या मावशींनी लिंबू पिळता पिळता सायकल न्याहाळली. “गाडीचं पेट्रोल संपलं का, दादा?”