दाजींनी फ्लॅट घेऊन दिला: नवशिक्या मेहुण्यांसाठी मार्गदर्शन

अभिनंदन! तुमचा पगार अठरा हजार, फ्लॅट ऐंशी लाखांचा, आणि पैसे भरले दाजींनी. दाजींचा धंदा 'केमिकलचा', यापलीकडे ताईलाही काही ठाऊक नाही. पेढे वाटण्याआधी एवढं वाचा.

सुरुवात नात्यांपासून करू. अमली पदार्थांचा कायदा १९८५चा. त्यात १९८९ साली 'पाच-अ' हे प्रकरण घातलं, ते या धंद्याच्या कमाईवर हात टाकण्यासाठी. त्यातली 'नातेवाईक' या शब्दाची व्याख्या लग्नाची यादी करायला बसलेल्या एखाद्या आत्याबाईंनी सांगितल्यासारखी आहे. बायको, भाऊ-बहिणी, बायकोचे भाऊ (नमस्कार, हे तुम्ही), तिच्या बहिणी, या सगळ्यांचे नवरे-बायका, भाचे-पुतणे, दोन्हीकडचे आजी-आजोबा. साडूसुद्धा सुटलेला नाही. काका-मामा तेवढे राहिले. ज्यांचा मानपान चुकला तर मांडवात रुसवे होतात, नेमके तेच. पण त्यांनीही हुरळून जाऊ नये. 'साथीदार' आणि 'मालमत्ता सध्या ज्याच्याकडे आहे तो' अशी दोन दारं त्यांच्यासाठी उघडी ठेवली आहेत.

आता नोटीस. दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात दाजी सापडले, की अधिकारी फ्लॅट गोठवू शकतो. त्या आदेशावर सक्षम प्राधिकाऱ्यानं तीस दिवसांत शिक्कामोर्तब करायचं असतं. मग तुम्हाला विचारणा येते: पैसे कुठून आणले? इथे नवशिके हमखास फसतात. 'सिद्ध करा की' असं छाती काढून म्हणतात. फ्लॅट काळ्या कमाईचा नाही हे सिद्ध करायचंय तुम्हालाच. 'म्हशी विकल्या' हे उत्तर लोकप्रिय आहे, पण गोठा दाखवावा लागतो. शेतीचं उत्पन्न सांगायचं तर आधी सातबारा काढून बघा; अर्ध्या एकरात ऐंशी लाखांची द्राक्षं पिकत नाहीत.

रातोरात बक्षीसपत्र करून फ्लॅट दुसऱ्याच्या गळ्यात घालावा, ही युक्ती सगळ्यांनाच सुचते. कायदा लिहिणाऱ्यांनाही सुचली होती. गोठवल्यानंतर किंवा नोटिशीनंतर केलेलं हस्तांतर धरलंच जात नाही.

आता तुमच्या बाजूचं. अटकेच्या सहा वर्षांहून आधी घेतलेली मालमत्ता या प्रकरणाखाली सरकारजमा होत नाही. अर्ध्याहून कमी रकमेचाच हिशेब लागला नाही, तर तेवढ्याच्या बाजारभावाइतका दंड भरून फ्लॅट राखता येतो. आणि तस्करांच्या मालमत्तेबद्दलच्या १९७६च्या अशाच कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी १९९४ साली शिक्कामोर्तब केलं, तेव्हा हेही सांगितलं, की नातेवाइकाची स्वकष्टाची कमाई केवळ नात्यापायी घ्यायची नाही. तुमची स्वकष्टाची कमाई म्हणजे ती स्कूटर. ती निर्धास्त चालवा.

हे सगळं हुकलं तर लिलाव. तो बघायला जरूर जा. त्या १९७६च्या कायद्याखाली जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत दाऊद इब्राहिमच्या कुटुंबाच्या खेड तालुक्यातल्या चार जमिनी काढल्या होत्या. एका तुकड्याची राखीव किंमत होती १५,४४० रुपये. बोली गेली २ कोटी १ लाखावर. आपल्याही फ्लॅटला असा भाव येईल, अशा भ्रमात राहू नका. उरलेल्यांतल्या दोन जमिनींवर त्या दिवशी कुणी बोलीच लावली नाही.