साप म्हणजे निगेटिव्ह मार्किंग

हा माणूस उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्याही घरी येतो. चहा घेतो, भिंतीला टेकतो, समोर पोरं काही खेळत असली तर दोन मिनिटं गप्प बघतो आणि तिसऱ्या मिनिटाला म्हणतो, "असं नसतं खेळायचं. आण इकडं."

आमच्या नांदेडच्या घरात हे पद साडूंकडे आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, मुक्काम लातूर. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते गेल्यावर जे म्हणतो ते छापण्याजोगं नाही.

दाजी पतसंस्थेत रोखपाल होते. शिक्षकाची नोकरी त्यांनी एक दिवसही केली नाही, पण लातुरात राहून शिकवता न येणं म्हणजे पंढरपुरात राहून अभंग न येणं. राजर्षी शाहू आणि दयानंद या कॉलेजांची पोरं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकायला लागली, 'लातूर पॅटर्न' हे नाव राज्यभर झालं, तेव्हापासून दाजींना जगातल्या प्रत्येक गोष्टीवर एकच औषध माहीत आहे. सराव परीक्षा घ्यायची, चुका काढायच्या, परत सराव परीक्षा घ्यायची. पुढे सीईटी आली, गुणवत्ता यादी बंद पडली, मग नीट आली. दाजींचं औषध बदललं नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा हे टँकरच्या रांगेत घागर पुढं सरकवत पोराकडून आवर्तसारणी म्हणवून घ्यायचे. पोरगा डॉक्टर झाला, पुण्याला गेला. औषध मात्र भरपूर उरलं, आणि ते आता आमच्या सहा वर्षांच्या चिमीला पाजलं जातं. सापशिडीतून.

चिमीची सोंगटी पहिल्यांदा सापाच्या तोंडात गेली तेव्हा दाजींनी डाव थांबवला.

"मार्क गेला बघ. नीटला कसं असतंय? उत्तर बरोबर आलं तर चार, चुकलं की एक वजा. शिडी म्हणजे अधिक चार. आणि साप म्हणजे?"

"साप म्हणजे साप," चिमी म्हणाली.

"साप म्हणजे निगेटिव्ह मार्किंग!"

तेव्हापासून आमच्या घरात साप कुणाला चावत नाही, मार्क जातो. पाल दिसली तरी चिमी ओरडते, "आई, निगेटिव्ह मार्किंग!"

डाव संपला की सुटलो असं तुम्हाला वाटेल. डावानंतर ॲनालिसिस असतं. दाजींच्या पिशवीत शंभर पानी वही असते. तिच्यात रेघा मारून रकाने पाडलेले: कोणत्या घरात चूक झाली, किती घरं खाली आली, कारण काय. "सत्तेचाळीसला तू दोनदा गेलीस. हा टॉपिक कच्चा आहे." चिमी मान डोलावते. सत्तेचाळीस या टॉपिकमध्ये नेमकं काय वाचायचं, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता खरी गोम इथं आहे. कॅरममध्ये नेम धरता येतो. बुद्धिबळात डोकं चालवता येतं. आमच्या आजीच्या चल्लस आठमध्येसुद्धा चिंचोके उधळल्यावर कोणती सोंगटी पुढं काढायची, हे आपल्या हातात असायचं. सापशिडीत काहीच हातात नाही. फासा पडेल तितकं चालायचं, शिडी आली तर चढायचं, साप आला तर उतरायचं. बालवाडीतलं पोर आणि कलेक्टर, दोघांना सारखीच संधी. ज्या खेळात शिकवण्यासारखं काहीही नाही असा एवढा एकच खेळ घरात होता, आणि दाजी नेमके त्याचाच क्लास घेऊन बसले.

फासा टाकण्याचीही त्यांची पद्धत आहे. मूठ तीनदा हलवायची, हात जमिनीपासून वीतभर वर, मनगट सैल. रोज सकाळी दुधाआधी सराव. पहिल्या दिवशी सहा बऱ्याचदा पडले, दाजींनी माझ्याकडे विजयानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी पडेनात. "रिव्हिजन कमी पडायलीय," दाजी म्हणाले.

मग कुणीतरी त्यांना मोक्षपट सांगितला. सापशिडीचा हा जुना पट आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडतात. त्यात शिड्या सद्गुणांच्या असतात आणि साप दुर्गुणांचे. इंग्रजांनी तो नेला, पुण्य-पाप हळूहळू गाळलं आणि नुसते साप-शिड्या ठेवल्या. हे ऐकून दाजी दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी ड्रॉइंग शीटवर त्यांनी स्वतःचा पट आखला. घरं पट्टीनं, आकडे लाल शाईत, साप मात्र दुधीभोपळ्याच्या वळणाचे. पहिली मोठी शिडी, 'पहाटे चारला उठणे'. दुसरी, 'शंका त्याच दिवशी विचारणे'. सापांची नावं: 'मोबाईल', 'दुपारची झोप', 'मामाचं लग्न'. नव्व्याण्णवाव्या घरात सगळ्यांत लांब साप, 'सिली मिस्टेक'. भाग्यनगरातल्या झेरॉक्सवाल्याकडून पट लॅमिनेट करून आणला.

चिमी त्यावर बराच वेळ पालथी पडून होती. मग तिनं विचारलं, "काका, मामाच्या लग्नाला गेलं की साप का चावतो? तिथं तर जिलेबी असते."

दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पटाकडे बघत म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण आता लॅमिनेट झालंय."

मराठवाड्याच्या शिक्षणावर इतकं नेमकं वाक्य मी कुठल्याच चर्चासत्रात ऐकलेलं नाही.

चिमी लबाडीही करते. पाणी प्यायला उठताना अंगठ्यानं सोंगटी दोन घरं पुढं सरकवते. आधी अशा वेळी दाजी आनंदानं ओरडायचे, "पेपर फुटला! पेपर फुटला!" २०२४ च्या जूनमध्ये नीटच्या पेपरफुटीच्या तपासात लातूरचं नाव आलं, आणि ती आरोळी बंद झाली. आता नुसतं म्हणतात, "मागं घे, बाळ."

ते लातूरला परत गेले की घर शांत होतं. चाकूरला गाडी पोचली असेल तोवर मला बरं वाटतं. संध्याकाळी चिमी पट उघडते आणि मग दाजींची किंमत, नाइलाजानं, कळते. आम्ही बाकीची मोठी माणसं तिच्याशी खेळतो म्हणजे एका हातात फासा, दुसऱ्या हातात फोन. आपली सोंगटी चोरून सापाकडे नेतो, म्हणजे ती लवकर जिंकेल आणि सुट्टी होईल. तिला हे समजतं. दाजी दुखऱ्या गुडघ्यानं दोन-दोन तास फरशीवर मांडी घालून बसतात. मुद्दाम कधी हरत नाहीत. नव्व्याण्णववर गिळले गेले की खरोखर हळहळतात, कपाळाला हात लावतात, आणि वहीत स्वतःच्या नावापुढंही मार्क कापतात. तिच्या खेळाला परीक्षेइतकं गंभीर मानणारा आमच्या घराण्यात हा एकटाच इसम आहे.

मध्ये मी त्यांना विचारलं, पोरगा लहान असताना काय खेळायचात? म्हणाले, "कॅरम होता की. अकरावीला माळ्यावर टाकला. डॉक्टर झाल्यावर काढला तर पावसानं फुगलेला. सोंगटी सरकेना." आणि लगेच चिमीला, "चल, तुझी पाळी. मनगट सैल."

तुमच्याकडेही असा कुणी येत असेल तर येऊ द्या. चहा द्या, गुडघ्याखाली उशी द्या, पोराला त्याच्यासमोर बसवा. फक्त एक विनंती आहे: लुडोची पेटी कपाटात वर, कुलपात ठेवा. लुडोत चाल निवडता येते. ते त्यांना कळलं, तर बॅचेस सुरू होतील.