दोन रुपयांची जहागीर

मार्च २०१८ मधली गोष्ट. देशाचा अर्थसंकल्प अनेकदा मांडलेल्या पी. चिदंबरम यांनी चेन्नई विमानतळावर चहा मागितला. समोर गरम पाणी आणि चहाची पुडी आली. किंमत १३५ रुपये. माजी अर्थमंत्री हादरले, चहा नाकारला आणि कॉफीचा भाव विचारला. तो १८० निघाला. ही घेतं तरी कोण, या प्रश्नाला ‘बरेच जण’ असं उत्तर मिळालं. मग आपणच कालबाह्य झालो की काय, अशी शंका त्यांनी ट्विटरवर देशापुढे मांडली.

कालबाह्य वगैरे काही नाही. दुकान चुकलं, एवढंच. भारतातल्या बहुतेक मोठ्या विमानतळांवर चार पावलं पुढे एक काचेचं दार असतं. त्या दारामागच्या लाउंजमध्ये चहा, कॉफी, इडली-सांबार, पोहे, उपमा, पनीरची भाजी आणि गुलाबजाम एवढं सगळं मिळून दोन रुपयांना पडतं. त्यांनी चहा वेगळा मागितला, म्हणून १३५.

या दोन रुपयांमागे एक व्यवस्था आहे. अनेक बँकांच्या क्रेडिट आणि काही डेबिट कार्डांवर दर तिमाहीला एक-दोनदा लाउंज फुकट असतो. कार्ड चालू आहे ना, एवढं पाहण्यासाठी ते दारातल्या यंत्रावर घासतात आणि दोन रुपये कापले जातात. पाहुण्याचा खरा खर्च शेकडो रुपये असतो. तो बँक आणि कार्ड कंपनी लाउंजवाल्याला मागाहून चुकता करतात. निमंत्रण एकाचं, स्वयंपाक दुसऱ्याचा आणि बिल तिसऱ्याच्या नावावर. अशा ठिकाणी मराठी माणूस भिडस्त राहील ही अपेक्षा मुळातच चुकीची होती.

त्यामुळे प्रवासाची रीतच बदलली. पूर्वी विमान चुकू नये म्हणून लोक दोन तास आधी घर सोडत. आता लाउंज चुकू नये म्हणून तीन तास आधी सोडतात. बॅगा भरण्याआधी पाकिटं तपासली जातात. बाबांच्या पेन्शनच्या खात्याचं कार्ड कुठलं, ते मुंबईत चालतं की फक्त दिल्लीत, या तिमाहीचा कोटा ताईने नागपूरला जाताना संपवला की काय, याची चौकशी रात्री अकरापर्यंत चालते. सकाळी कोणी पोळीचा तुकडा मोडला तर त्याला घरचे लोक वेड्यात काढतात. आजी सवयीने दशम्यांचा डबा काढतात, तेव्हा सूनबाई म्हणतात, ‘‘अहो आई, डबा कशाला? तिथे सगळं आहे.’’ आजी डबा पिशवीत ठेवतातच. त्यांनी बँकांचे वायदे जास्त वर्षं पाहिले आहेत.

सरकारनेही या कामी हातभार लावला आहे. डिसेंबर २०२२ पासून आलेल्या डिजियात्रेमुळे नुसता चेहरा दाखवून विमानतळात शिरता येतं. प्रवाशाची त्यातून वाचलेली मिनिटं लाउंजच्या दाराबाहेर, रांगेत, शांतपणे खर्च होतात. गर्दीपासून सुटका मिळावी म्हणून जिथे जायचं, तिथे जायला गर्दी झालेली असते.

आत गेल्यावर मंगल कार्यालयातल्या दुसऱ्या पंगतीची आठवण होते. जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे पुढचा उमेदवार उभा असतो आणि गुलाबजाम कितवा चालला आहे यावर त्याची नजर असते. डोशाच्या तव्यापुढे वेगळी रांग. भिंतीवर ‘पदार्थ बाहेर नेऊ नयेत’ अशी पाटी आणि पाटीखालीच टिश्यूत गुंडाळला जाणारा केक. चार्जिंगचा पॉइंट ज्याला सापडला तो तिथून विमानाच्या शेवटच्या घोषणेपर्यंत हलत नाही. या सगळ्यात एक गृहस्थ हातात ताटली धरून खुर्ची शोधत फिरत असतात. त्यांनी बिझनेस क्लासचं पूर्ण तिकीट काढलेलं असतं. लाउंज मुळात ज्यांच्यासाठी बांधला ते हेच.

मुळात म्हणजे १९३९ मध्ये. अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर ‘अ‍ॅडमिरल्स क्लब’ काढला. पैसे भरून आत जायची सोय नव्हती. कंपनीने बोलावलं तरच जायचं, आणि बोलावलेल्याला मानद नौसेनापती म्हणायचं. जहाज नाही, नौसेना नाही, पण दाराबाहेर राहिलेले लोक भरपूर होते आणि नौसेनापती व्हायला तेवढं पुरे होतं. पुढे ही निवड भेदभावाची आहे अशा तक्रारी झाल्या आणि वर्गणी भरणाऱ्यांनाही दार उघडलं. १९९२ मध्ये ‘प्रायॉरिटी पास’ आला. एका कार्डावर अनेक विमानतळांचे लाउंज. मग १९९८. साँग होई-सी नावाच्या मलेशियन बँकरने नोकरी सोडली, तसा बिझनेस क्लास सुटला आणि लाउंजही सुटला. एखादा हळहळत बसला असता. यांनी कोणालाही पैसे मोजून बसता येईल असे लाउंज काढले. ‘प्लाझा प्रीमियम’ ही कंपनी या रागातून उभी राहिली.

आपल्याकडे मान आधी आला, खुर्ची नंतर. एअर इंडियाचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ मध्ये त्या कंपनीचा महाराजा घडवला, तेव्हा कंबरेत वाकलेला तो मिशाळ गृहस्थ येणाऱ्या प्रत्येकाला राजा मानतो असं चित्र होतं. प्रत्येकाने ते मनावर घेतलं. २००९ मध्ये सरकारी काटकसरीच्या मोहिमेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री शशी थरूर यांनी साध्या वर्गाला ट्विटरवर गुराढोरांचा वर्ग म्हटलं, तेव्हा गहजब झाला आणि राजीनाम्याची मागणीही झाली. गंमत अशी की त्या वर्गातून रोज जाणाऱ्यांना गुडघे कुठे ठेवायचे हे माहीत होतं, त्यामुळे उपमेवर त्यांचा फारसा आक्षेप नव्हता. संताप झाला तो प्रामुख्याने पुढच्या रांगांत.

मार्च २०१७ मध्ये महाराष्ट्रानेही आपलं योगदान दिलं. उस्मानाबादचे तेव्हाचे शिवसेना खासदार रवींद्र गायकवाड पुण्याहून दिल्लीला निघाले. तिकीट बिझनेस क्लासचं, विमानात मात्र सगळ्या खुर्च्या साध्या. दिल्लीत उतरायच्या वेळी वाद झाला आणि एअर इंडियाच्या एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याला चपलेने मारहाण झाली. आपण २५ वेळा मारलं, हा हिशेब खासदारांनी स्वतःच कॅमेऱ्यांपुढे दिला. विमान कंपन्यांनी बंदी घातली आणि बिझनेस क्लास हुकलेल्या लोकप्रतिनिधीला रेल्वे जवळ करावी लागली. एप्रिलमध्ये बंदी उठली. त्याच वर्षी सप्टेंबरात उपद्रवी प्रवाशांसाठी ‘नो फ्लाय’ यादीचे नियम आले. हवाई प्रवासाच्या नियमावलीवर मराठवाड्याचा एवढा ठसा आधी उमटला नव्हता.

तोवर पाकिटापाकिटातलं कार्ड दाराशी पोहोचलं होतं, आणि बँकांना आपण किती जणांना जेवायला बोलावून बसलो याचा हिशेब लागू लागला. एचडीएफसी बँकेने डिसेंबर २०२३ पासून ‘रीगालिया’ कार्डाला अट घातली : तिमाहीत १ लाख रुपये खर्च करा, मग लाउंज. आयसीआयसीआय बँकेने एप्रिल २०२४ पासून बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ३५ हजारांची अट आणली आणि नोव्हेंबरात ती ७५ हजारांवर नेली. म्हणजे जुलै ते सप्टेंबर फ्रीज, वॉशिंग मशीन आणि मुलाच्या क्लासची फी कार्डावर काढायची, तेव्हा कुठे ऑक्टोबरात उपम्यावर हक्क. असा हिशेब घालणारे लोक आहेत, आणि ते स्वतःला काटकसरी म्हणवतात. बँकांना आणि लाउंजना जोडून देणाऱ्या ‘ड्रीमफोक्स’ कंपनीचा शेअर सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याच्यावर उड्या पडल्या होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने देशातली लाउंज सेवा बंद केल्याचं जाहीर केलं. दाराच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांशी परस्पर बोलायला सुरुवात केली की मधल्याचं हे असं होतं.

दरम्यान दाराबाहेरच्यांचीही आठवण सरकारला झाली. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला. चहा १० रुपये, समोसा २० रुपये. टपरीवरच्या भावात चहा मिळाला म्हणून केंद्रीय मंत्री उद्घाटनाला, अशी वेळ रेल्वेवर अजून आलेली नाही. शिवाय लाउंजच्या मानाने हा चहा पाचपट महाग.

अट घालणंही सोपं नसतं. अमेरिकेत डेल्टा कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या लाउंजवर कडक बंधनं जाहीर केली. सभासद एवढे खवळले की काही आठवड्यांत कंपनीला ती सैल करावी लागली. मग उपाय उरतो तो आतल्या आत आणखी एका दाराचा. ऑस्ट्रेलियात क्वांटासचा ‘चेअरमन्स लाउंज’ पैशाने मिळतच नाही. कंपनी बोलावते त्यांनाच मिळतो. बोलावलेल्यांत खासदार-मंत्री भरपूर असतात. तिथल्या पंतप्रधानांच्या मुलालाही हे सभासदत्व मिळाल्याचं २०२३ मध्ये बाहेर आलं आणि हवाई धोरण नेमकं कुठे बसून ठरतं यावर तिथे बराच काळ चर्चा झाली. फ्रँकफर्टला लुफ्थान्साने तर २००४ मध्ये पहिल्या वर्गासाठी स्वतंत्र टर्मिनलच बांधलं. तपासणी वेगळी, विमानापर्यंत न्यायला मोटार वेगळी, आणि अंघोळीच्या टबाजवळ रबराचं बदक. ते बदक घरी नेता येतं. कोट्यधीश लोक ती बदकं जमवतात. आपल्याकडच्या टिश्यूतल्या केकला पाटी लावून मनाई आहे, हा फरक लक्षात घ्यावा.

लाउंजचा पुरेपूर उपयोग करून घेणारे मात्र वेगळेच निघाले. चीनमध्ये एका प्रवाशाने शिआनहून पहिल्या वर्गाचं, पैसे परत मिळणारं तिकीट काढलं. रोज विमानतळावर जायचं, लाउंजमध्ये जेवायचं, तारीख पुढे ढकलायची. तारीख ३०० हून जास्त वेळा बदलली आणि वर्षभराने तिकीट रद्द करून पैसेही परत घेतले, अशी बातमी २०१४ मध्ये आली होती. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर २०१६ मध्ये एका मलेशियन माणसाचं विमान झोपेत चुकलं. त्याने घरी जायचा विचार सोडला, संगणकावर खोटे बोर्डिंग पास बनवले आणि १८ दिवस या लाउंजमधून त्या लाउंजमध्ये मुक्काम केला. जेवण, अंघोळ, वर्तमानपत्र, सगळं वेळच्या वेळी. पकडला गेल्यावर न्यायालयाने त्याला दोन आठवड्यांची कैद सुनावली. म्हणजे आणखी चौदा दिवस राहणं-खाणं फुकट, आणि दारात आधीच्या तिमाहीचा खर्च विचारणारं कोणी नाही.