संयमी चार्जर

डिसेंबर, सकाळचे साडेसहा. मुंबई-आग्रा महामार्ग, निफाड तालुका. येथील जलद चार्जिंग केंद्राने दाखवलेल्या संयमाबद्दल आम्ही अभिनंदनाचा ठराव मांडतो. फलकावर 60 किलोवॅट, पडद्यावर 17. उरलेले 43 विनयापोटी मागे ठेवले असावेत.

शास्त्रही केंद्राच्याच बाजूने आहे. गारठ्यात लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. घाईने वीज कोंबली तर लिथियम अ‍ॅनोडच्या आत न मुरता वरच साचते. म्हणून गाडी स्वतःच कमी वीज मागते. आग्रह सुरू होताच ताटावर आडवा हात धरणाऱ्या पाहुण्यासारखी.

याच तालुक्यात थंडीपासून द्राक्षे वाचवायला बागेत शेकोट्या पेटवतात. गाडीला निदान गोधडी, कानटोपी आणि सुंठीचा काढा अनुदानातून मिळावा, ही उपसूचना.

‘‘ऊन पडू द्या साहेब, वेग येतो,’’ टपरीवाल्याने तिसरा चहा पुढे करत धीर दिला. त्याचा अभ्यास खरा निघाला. ऊन पडले, बॅटरी तापली, आकडा 52 वर गेला आणि वीज गेली.

फलक अजून 60 वरच आहे.