रद्दीतले पंडित आणि विरार लोकल

मुंबईच्या जुन्या बाजारात, मटन स्ट्रीटवर, एक अलिखित कायदा आहे. भिंतीवर टांगलेलं कुठलंही जुनं रंगीत चित्र रविवर्म्याचंच असतं. सरस्वती रविवर्म्याची, गणपती रविवर्म्याचा आणि पगडी-उपरण्यातले नाना फडणवीसही रविवर्म्याचेच. काकांनी एका दुकानदाराला शांतपणे समजावून पाहिलं की हे नाना फडणवीस पुण्याच्या चित्रशाळा प्रेसचे आहेत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1878 साली ती चित्रशाळा काढली, तेव्हा रविवर्म्याचा छापखाना निघायला अजून 16 वर्षं होती. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं, चित्रावरची धूळ पुसली आणि म्हणाला, "तो फिर साब, ये और भी पुराना रविवर्मा हुआ. हजार रुपया जादा लगेगा."

काका म्हणजे दादरच्या एका इमारतीचे सामाईक काका. बँकेतून निवृत्त. या वयात लोक सकाळी फिरायला जातात, नातवंडांना शाळेत सोडतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून भांडतात. काकांना एकोणिसाव्या शतकानं धरलं, आणि त्यातही ज्यांची जयंती होत नाही अशा माणसांनी. टिळक-रानडे त्यांच्या कपाटात नाहीत. त्यांच्याकडे गर्दी असतेच, असं काकांचं म्हणणं. त्यांना हवे असतात शिलालेखांवर उपडे पडून ठसे घेणारे पंडित आणि लेण्यांतल्या अंधारात डोळे फोडून घेणारे चित्रकार. छंदाला एक पोटनियमही आहे. पुस्तक घेतलं, की ते पिशवीत घालून लिहिणारा जिथं गेला तिथं जाऊन यायचं. काकूंनी या पोटनियमाचा हिशेब एका वाक्यात मांडला आहे : "पुस्तक शंभराचं आणि खर्च हजाराचा."

सोपाऱ्याच्या पुस्तकानं तर हा हिशेबही मोडला. पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपारा आणि पडण इथल्या अवशेषांवर 1882 साली लिहिलेलं ते इंग्रजी पुस्तक एका दुकानात होमिओपॅथीच्या ग्रंथांखाली दबलेलं काकांना दिसलं. आता जुन्या बाजाराची रीत अशी, की हवी ती वस्तू सोडून दुसरीच हातात धरायची. डोळे चमकलेले दिसले की भाव चढतो. काकांनी आइस्क्रीमचा लाकडी संचा उचलला. त्याच्या हँडलची, आतल्या डब्याची, कडीची इतकी बारकाईनं चौकशी केली की दुकानदारालाही तो संचा नव्यानं आवडू लागला. घासाघीस रंगली. काकांनी अर्ध्याच्याही खाली किंमत सांगितली आणि दुकानदारानं ती चक्क मान्य केली. शब्द दिलेला, माघार कशी घेणार? मग काकांनी उदार मनानं, जाता जाता, "और ये किताब भी डाल दो" म्हटलं. किताब आली, पण तिच्याबरोबर सात-आठ किलोंचा संचाही दादरला आला. काकूंच्या मते आजवरच्या संग्रहातली तेवढी एकच वस्तू कामाची.

भगवानलाल मूळचे जुनागढचे. जन्म 1839. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा लेख कोरलेली शिळा आहे. प्रिन्सेपनं लावलेल्या ब्राह्मी अक्षरांचा तक्ता हाताशी धरून या पोरानं ती वाचायला सुरुवात केली. ही बातमी मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाडांपर्यंत पोहोचली आणि त्यांनी 1860 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच त्याला इकडे बोलावून घेतलं. पुढे भगवानलाल भाऊ दाजींसाठी गावोगाव हिंडून लेखांचे ठसे, नकला आणि नाणी आणत राहिले. प्रवास पायी, बैलगाडीनं, मिळेल तसा. नाणेघाटातला सातवाहन राणीचा लेख, नाशिकची लेणी, थेट नेपाळातले शिलालेख, सगळीकडे हा माणूस पोहोचला. इंग्रजी लिखाणाची सवय नसल्यानं ते गुजरातीत लिहीत आणि दुसरं कोणी इंग्रजी करी. नेपाळच्या लेखांचं भाषांतर तर खुद्द ब्यूलर या जर्मन संस्कृत पंडितानं केलं. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठानं त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. आणि आज मुंबईत दहा माणसांना विचारलं, तर त्यांतली नऊ "कुठल्या वॉर्डाचे नगरसेवक?" असं विचारतील.

सोपाऱ्याचं खोदकाम 1882 च्या एप्रिलातलं, म्हणून काकाही एप्रिलातच निघाले. ही निष्ठा थोडी कमी असती तर बरं झालं असतं. रविवार पाहून त्यांनी दादरहून विरार लोकल पकडली. रविवारी गर्दी नसते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. हे सांगणारा माणूस विरार बाजूचा नसावा.

चौथी सीट मिळाली. चौथी सीट म्हणजे शरीराचा एक तृतीयांश भाग बाकावर आणि उरलेला रेल्वेच्या हवेत. मांडीवर पुस्तक, धुतलेल्या पंचात गुंडाळलेलं. शेजारच्या गृहस्थांनी सहज विचारलं, "पोथी का?" काकांना एवढं पुरतं. अंधेरी ते बोरिवली त्यांनी ब्राह्मी लिपी सांगितली, पुढे भगवानलालांनी लावलेले जुने अंक सांगितले. भाईंदरच्या खाडीवर गार वारा आला आणि गृहस्थांनी काकांच्या खांद्यावर मान टाकली. जुन्या अंकांचं रहस्य अर्धवट राहिलं. वसई येताच काका उठले, कारण नालासोपाऱ्याला उतरायचं तर वसईलाच दाराशी जाऊन उभं राहावं लागतं. खरं तर उतरावं लागतच नाही. मागचे लोक ती जबाबदारी घेतात. काका फलाटावर आले, पुस्तक आलं, पंचा विरारला गेला.

स्टेशनाबाहेर पश्चिमेला त्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं, "बुरूड राजाच्या कोटावर जायचंय."

"कुठली बिल्डिंग, काका? नवीन कॉम्प्लेक्स आहे का?"

"बिल्डिंग नव्हे हो. स्तूप. दोन हजार वर्षांपूर्वीचा."

"मग रीडेव्हलपमेंटला गेली असेल."

शेवटी एका पानवाल्यानं वाट दाखवली. कोट म्हणजे विटांचा उंचवटा, आजूबाजूला झाडं. काकांनी पुस्तकातला आराखडा उघडला, तो उलटा धरला, मग सुलटा धरला आणि उन्हात तीन बाजूंनी फेऱ्या मारल्या. पण त्या विटांच्या पोटातून जे निघालं ते वाचताना घाम विसरावा. मध्यभागी दगडी पेटी. तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. आणि सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून कोणीतरी ते इतक्या जपून ठेवले होते. सोबत यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणंही होतं. हे सगळं मुंबईत टाउन हॉलला, एशियाटिक सोसायटीकडे आहे. अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही त्याच वर्षी भगवानलालांना सोपाऱ्यात मिळाला. तो छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतो. थोडक्यात, सोपाऱ्याचा ऐवज पाहायला दादरकरानं विरार लोकल धरायची मुळीच गरज नाही. हे काकूंनी रात्री कोकम सरबत देताना सांगितलं.

भुसावळची गोष्ट वेगळी. तिथं काकूही आल्या, कारण दिवस थंडीचे होते आणि भरिताच्या वांग्यांचं आमिष होतं. काकांचं कारण होतं मेजर रॉबर्ट गिल. मद्रासच्या फौजेतला हा अधिकारी 1844 साली अजिंठ्याची भित्तिचित्रं नकलायला नेमला गेला आणि जवळजवळ वीस वर्षं तेच करत राहिला. तेलरंगातल्या मोठमोठ्या प्रती विलायतेला गेल्या आणि 1866 च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत बहुतेक जळून गेल्या. जे हजार-दीड हजार वर्षं लेण्यात टिकलं, त्याच्या नकला लंडनमध्ये मोजकी वर्षंही टिकल्या नाहीत. पण 1856 साली मिसेस स्पीअर नावाच्या बाईंनी प्राचीन भारतावर एक पुस्तक काढलं होतं, आणि त्यात गिलच्या काही चित्रांवरून केलेले लाकडी ठसे छापले होते. मूळ चित्रं जळाली, हे तळहाताएवढे ठसे उरले. त्या पुस्तकाची एक खिळखिळी प्रत काकांच्या भाच्यानं लंडनहून पाठवली. गिलनं पुढे कॅमेरा हाती घेतला. त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तकं 1864 साली निघाली, मजकूर जेम्स फर्ग्युसनचा. (पुण्याच्या कॉलेजवाला नव्हे. तो गव्हर्नर, त्याच नावाचा दुसरा.)

गिल 1879 साली वारला आणि भुसावळला पुरला गेला. स्टेशनाबाहेर काकांनी "गिलसाहेबांची कबर" विचारली, तेव्हा पहिला माणूस त्यांना रेल्वेच्या गिल नावाच्या फोरमनकडे घेऊन निघाला, आणि तो तर चांगला हयात होता. दुसऱ्यानं "पारोवाला गिल ना?" म्हणत डोळे बारीक केले. इकडे गिल चित्रकार म्हणून नव्हे, पारो या तिथल्या मुलीचा प्रियकर म्हणून माहीत. ना. धों. महानोरांची 'अजिंठा' ही दीर्घ कविता आणि 2012 चा त्याच नावाचा चित्रपट, दोन्ही त्याच प्रेमकथेवर उभे आहेत. पारोची कबर अजिंठा गावात आहे आणि तिच्यावर 23 मे 1856 ही तारीख आहे. काकू तिथं बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, यानं हिच्यासाठी दगड तरी कोरून ठेवला. तुम्ही मला संचा आणलात."

लेण्यात काका सोळा आणि सतरा क्रमांकांत स्पीअरबाईंचं पुस्तक उघडून भिंतीशी ताडून पाहत होते. पहारेकऱ्याला वाटलं, हे भिंतीवरून काहीतरी उतरवून घेतायत. प्रकरण काकूंनी मिटवलं : "दादा, हे दीडशे वर्षांपूर्वीच उतरवून झालंय. आता फक्त तपासणी."

गिलनंतर हेच काम जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सनं 1872 पासून 1885 पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा केलं. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत अशी ती मुंबईची पोरं. त्यांच्या प्रतीही लंडनलाच गेल्या आणि 1885 साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतल्या बऱ्याच गेल्या. उरलेल्यांच्या आधारे 1896-97 मध्ये दोन दणदणीत खंड निघाले. कर्ता म्हणून नाव ग्रिफिथ्सचं. ओल्या भिंतींसमोर बसलेल्या विद्यार्थ्यांना ओळखणारा दुकानदार काकांना अजून भेटायचाय. हे खंड पुरे घेणं पेन्शनीत बसत नाही, आणि बाजारात तर त्यांची सुटी पानं विकली जातात. एकेक चित्र फ्रेममध्ये घातलं की अख्ख्या पुस्तकाहून जास्त पैसे सुटतात. विक्रेते याला पुस्तक फोडणं म्हणतात, आणि हा धंदा निव्वळ नासधुशीचा आहे. तेव्हा वाचकहो, असा जुना चित्रखंड कुठं अखंड दिसला, तर त्यातलं एक सुटं पान मिळेल का असं चुकूनही विचारू नका. परवडला तर पुरा घ्या, नाहीतर जवळच्या एखाद्या ग्रंथालयाला कळवा.