पोहोचलास की फोन कर

जावास्क्रिप्टला वाट बघणं परवडत नाही. ब्राउझरमधलं पान चालवायला तिच्याकडे थ्रेड एकच. ती थांबली तर पानही थिजतं, मग तुम्ही बटण कितीही दाबा. म्हणून सर्व्हरकडे मागणी पाठवताना ती आईचं धोरण पत्करते. मुलाला एसटीत बसवून आई ‘पोहोचलास की फोन कर’ म्हणते आणि घरी येऊन भाजी निवडायला घेते. फोन आल्यावर काय करायचं, हे तिचं आधीच ठरलेलं असतं. ते ठरलेलं म्हणजे कॉलबॅक.

पंचाईत होते ती क्रम हवा असला की. आधी लॉगिन, त्यातून मिळालेल्या टोकनवर ऑर्डरची यादी, मग त्यातल्या एका ऑर्डरचा तपशील. तिन्ही मागण्या भाबडेपणानं एकीखाली एक लिहिल्या, तर तिन्ही एकदमच सुटतात. दुसरी टोकनाशिवायच सर्व्हरच्या दारात उभी राहते आणि ४०१चा शिक्का घेऊन परतते. म्हणून दुसरी मागणी पहिलीच्या कॉलबॅकच्या पोटात घालायची, तिसरी दुसरीच्या. शिवाय प्रत्येक पोटात ‘चूक झाली तर’ची वेगळी तजवीज. कोड दर पायरीला उजवीकडे सरकतो आणि शेवटी नुसत्या बंद कंसांची घसरगुंडी उरते. याला ‘कॉलबॅक हेल’ म्हणतात. मला हा जरा अन्याय वाटतो. ध्यान कुरूप खरं, पण कोण कोणासाठी अडलंय ते लांबूनही दिसतं.

त्याहून फसवा फॉर लूप. शंभर फोटो एकामागून एक आणायला त्याला सांगा. तो क्षणात शंभर मागण्या सोडून मोकळा! उत्तरं येतात ती ज्याला जशी सवड होईल तशी. मोजणीचा चल जुन्या ‘व्हार’नं घोषित केला असेल, तर प्रत्येक कॉलबॅक आपला नंबर शंभरच सांगतो. तिथे लूप सोडून, उत्तर आलं की कॉलबॅकनंच पुढची मागणी पाठवायची.

जावास्क्रिप्टच्या २०१५च्या मानकात प्रॉमिस आलं, २०१७मध्ये असिंक-अवेट. घसरगुंडी गेली, कोड वरून खाली सरळ वाचता येऊ लागला. आता अवेट लिहिणं इतकं सोपं, की एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या तीन मागण्याही लोक रांगेत उभ्या करतात. तिन्हींची एकदमच वाट पाहणारं ‘प्रॉमिस.ऑल’ हाताशी असताना सेकंदाचं काम तीन सेकंद चालतं. कंस मोजावे लागत होते, तोवर उगाच कोणी रांग लावत नसे.